मानाचा पहिला चेंडू

आल्दारेस, ३ सप्टेंबर २०२४

सातुर,

'प्रिय' लिहायला घेतलं होतं, पण हात पुढे सरकेना. एकवीस वर्षं न बोललेल्या भावाला पत्र लिहितेय म्हणून मी विरघळले असं समजू नकोस. पत्ता रेमेदियोसकडून मिळवला. आपल्या या चुलत बहिणीच्या तोंडात तीळ भिजत नाही, ही गोष्ट जन्मात पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडली.

एलिओदोरो गेला. गेल्या गुरुवारी, दुपारच्या झोपेत. चर्चमध्ये पुढच्या दोन बाकांवर सगळी मंडळी मावली. शवपेटीवर आपल्या बास्केटबॉल क्लबचा लाल मफलर ठेवला होता. पाद्री नवा आहे, कोलंबियाचा. त्याला वाटलं कुणाचा तरी चुकून राहिला, म्हणून त्यानं घडी करून बाजूला ठेवला. मी उठले आणि परत घातला. दर रविवारी आम्ही दोघं एकत्र व्हर्मुथ घ्यायचो. या रविवारी मी एकटीच गेले, तर बारवाल्यानं सवयीनं दोन ग्लास मांडले, आणि मग दोघंही त्या दुसऱ्या ग्लासाकडे बघत बसलो.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. एलिओदोरो हा क्लबचा सभासद क्रमांक एक होता. तुला पद्धत आठवत असेल: पुढचा कुणी मेला की मागचे सगळे एकेक जागा वर सरकतात आणि मोसमाच्या सुरुवातीला नवा क्रमांक घातलेलं कार्ड घरी येतं. इतर गावांत माणसं वाढदिवसाला म्हातारी होतात, आपल्या गावात कार्ड आलं की. माझं काल आलं. त्यावर दोन आकडा आहे. मला एक वाटला होता, गेल्या वर्षीचं कार्ड मी नीट पाहिलंच नव्हतं.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दोन. मग एक कोण? विचार करायला फार वेळ लागला नाही. मी थोरली, पण मुलींना सभासद करून घ्यायची अक्कल या गावाला उशिरा आली. तू नऊ वर्षांचा असताना सभासद झालास. एक क्रमांक तुझा आहे, सातुर.

हसू नकोस. दहा वर्षांपूर्वी इथल्या पोरांनी क्लब पुन्हा उभा केला, हे रेमेदियोसनं तुला सांगितलंच असेल. त्यांनी पहिल्याच सभेत छाती फुगवून ठराव केला की हा नवा क्लब नाही, हा तोच सत्तावन्न सालचा क्लब आहे, आणि जुन्या सभासदांची ज्येष्ठता तशीच चालू राहील. मेल्याशिवाय किंवा लेखी राजीनामा दिल्याशिवाय कुणाचंही नाव कमी होणार नाही. टाळ्या वाजल्या. ज्या माणसानं क्लब विकला त्यानं राजीनामा कधी दिलाच नव्हता, हे त्या शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आणि आता घरच्या पहिल्या सामन्याचा मानाचा चेंडू उडवायचा हक्क तुझा.

कळवायचं होतं, कळवलं.

लेओकादिया


आल्दारेस, १४ सप्टेंबर

सातुर,

तुझं उत्तर नाही. नसेना. पत्र परत आलं नाही, म्हणजे गांदियाला पोचलं असावं.

काल नेरेआ आली होती, बदामाच्या केकचा डबा घेऊन. ही क्लबची आताची अध्यक्ष. तू गाव सोडलंस तेव्हा फ्रॉकमध्ये होती. एरवी ती लोकांच्या मोडक्या कंबरा आणि गुडघे सरळ करते. माझी कंबर तिच्याच हातात आहे, त्यामुळे तिच्याशी भांडायची सोय नाही.

"डोन्या लेओ," ती म्हणाली, "क्रमांक एकवर तुमचंच आडनाव दिसतंय. हे कोण?"

"माझा धाकटा भाऊ."

"मग बोलवू या की त्यांना."

"ज्यानं क्लब विकला तो," मी म्हणाले.

"हां, ते होय," ती म्हणाली. आजोबांच्या वेळच्या दुष्काळाबद्दल पोरं जसं 'हां हां' करतात ना, तसं. मग कॉफीत साखर ढवळत बसली. "खरं सांगू का, कार्यकारिणीत दोन तट पडलेत. खाटकाच्या पोराचं म्हणणं, आजोबा परगावी राहतात, आजारी असतील, येणार नाहीत. तेव्हा सरळ क्रमांक दोनला मान देऊन टाकू. म्हणजे तुम्हाला. तुम्ही नुसतं हो म्हणा, बाकी आम्ही बघतो."

नुसतं हो म्हणायचं होतं, सातुर. आणि खोटं कशाला सांगू, मला तो मान हवा होता. साठ वर्षं मी त्या बाकांवर बसलेय. रजेचे दिवस तुमच्या सामन्यांवर घालवले, अन्सेल्मोशी लग्नाची तारीख तुमच्या वेळापत्रकाकडे बघून ठरवली. नेरेआ गेल्यावर मी स्वयंपाकघरात खरबूज दोन्ही हातांवर घेऊन वर उडवून पाहिलं. झेपतं. खाली येताना झेपत नाही. ते फरशीवर फुटलं आणि मला ओट्याला धरून पुसावं लागलं.

तरी मी तिला नाहीच म्हणाले होते. "नियम तुम्ही केलात," मी म्हणाले, "आता पाळा. एक म्हणजे एक. दोनला एकचा मान देणारा क्लब उद्या हरलेल्याला जिंकलेलं म्हणेल."

"पण ते आले आणि लोकांनी काही गोंधळ केला तर?"

"करू देत की."

"कोण करणार पण?" ती म्हणाली. गोड पोर आहे, पण या गावाला ओळखत नाही.

जाताना म्हणाली, पहिल्या सामन्याला एक पत्रक छापायचंय, सुरुवातीच्या दिवसांचं काहीतरी सांगा, आता सांगणारं दुसरं कुणी राहिलं नाही. मी तिला बाबांच्या रिंगांची गोष्ट सांगितली. पाद्री डॉन एवारिस्तोनं पॅरिसहून आलेल्या कुठल्याशा मासिकात हा खेळ पाहिला आणि पिंपं बनवणाऱ्या आपल्या बाबांकडे येऊन म्हणाला, मला दोन लोखंडी रिंगा हव्यात. माप विचारलं तर म्हणाला, चेंडू गेला म्हणजे झालं. बाबांनी मधल्या मापाच्या पिंपाच्या पट्ट्या काढून दिल्या. चेंडू जात होता, पण जेमतेम, आणि तोही देवाचं नाव घेऊन टाकला तर. आपली पोरं त्यातच चार वर्षं शिकली. मग लोग्रोन्योला पहिल्यांदा सामन्याला गेली आणि तिथली रिंग बघून हसायला लागली. त्यांना ती विहिरीएवढी वाटली. आल्दारेसचे नेमबाज म्हणून पुढं नाव झालं ते या चुकीमुळं.

मग मी म्हणाले, मैदान म्हणजे पेलोटाचा चौक होता, चेंडू भिंतीवर मारायचा तो. एका बाजूला अख्खी उंच भिंत. आपल्यात नियम असा की भिंतीला लागून परत आलेला चेंडू चालू धरायचा. बाहेरगावचे संघ डोकं धरून बसायचे.

नेरेआ लिहून घेत होती. "भिंत कुठल्या हाताला होती, डोन्या लेओ?"

मी म्हणाले, डाव्या. ती गेल्यावर शंका आली. चर्चकडं तोंड केलं तर डाव्या, पण आपण बसायचो तिथून? एलिओदोरो असता तर म्हणाला असता, "लेओ, तू आंधळी आहेस, भिंत उजवीकडे होती," आणि मी त्याला गाढव म्हटलं असतं, आणि रविवार छान गेला असता. आता मी काहीही सांगितलं तरी छापतात. चूक झाली तर चूक म्हणायला कुणी नाही, हे इतकं वाईट असेल असं वाटलं नव्हतं.

भिंत कुठल्या हाताला होती, एवढं तरी कळव.

लेओ


आल्दारेस, २९ सप्टेंबर

सातुर,

रेमेदियोसचा फोन आला. म्हणाली, पत्रं त्याला मिळतात, तो वाचतो आणि घडी घालून खिशात ठेवतो. आणि तू तिला म्हणालास म्हणे, "तिला मला गावासमोर उभं करून शिट्ट्या ऐकवायच्यात. एकदा ऐकल्या तेवढ्या पुरे झाल्या."

म्हणजे घोडं तिथं अडलंय. बरं झालं कळलं. मग आज तेच बोलू.

आधी मी काय पाहिलं ते ऐक, कारण तू त्या सभेत व्यासपीठावर होतास आणि तिथून सगळं दिसत नाही. मी पाहिलं ते असं. लांब्या इथं आला ते एकोणऐंशी साल. अमेरिकेतला पहिला खेळाडू, आणि त्याला तू आपल्याच घरी माडीवर ठेवलंस, कारण हॉटेलच्या खाटेत तो मावत नव्हता. आईला त्याचं नाव घेता यायचं नाही, म्हणून लांब्या. ती त्याच्या खाटेच्या पायथ्याशी ट्रंक लावायची आणि मला विचारायची, "इतक्या लांब गेलेल्या पोराच्या आईला झोप लागत असेल का गं?" मिरच्यांच्या कारखान्यानं शर्टावर आपलं नाव घातलं आणि सगळा देश आपल्याला मिरचीवाले म्हणून चिडवायला लागला. आम्हाला ते आवडायचं. ऑक्टोबरात कारखान्यात मिरच्या भाजायला लागल्या की वास थेट क्रीडागृहात यायचा, आणि बाहेरचे खेळाडू म्हणायचे, इथं खेळताना भूक लागते.

तू अध्यक्ष झालास तेव्हा मला अभिमान वाटला. तो मी कधी बोलून दाखवला नाही, आपल्या घरात तशी पद्धत नव्हती.

आणि मग दोन हजार तीनचा मे. आपण वरच्या लीगमध्ये जायचा सामना जिंकलो. साडेसहा हजार वस्तीचं गाव, सातुर. अन्सेल्मो, हृदयाचा रोगी, कारंज्यात उतरला. एलिओदोरो फक्त रडत होता आणि रडताना कोण बघतंय याची त्याला फिकीर नव्हती. मैदानावर जिंकलं म्हणजे वर गेलो, अशी आमची भाबडी समजूत. वरच्या लीगच्या दाराशी अनामत मागतात, आणि ती आकाशाला भिडलेली असते, हे तुला ठाऊक होतं. कारखाना तोवर बाहेरच्यांनी घेतला होता, त्यांना मिरच्यांशी मतलब, चेंडूशी नाही. नगरपालिकेनं खांदे उडवले. जुलैत तू सभा बोलावलीस आणि म्हणालास, वरची जागा दक्षिणेतल्या एका शहराला विकली, क्लब बंद.

खेळाडूंपासून झाडूवालीपर्यंत कुणाचा एक पैसा बुडाला नाही. हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. पण लोकांना हिशेब नको होता. त्यांना वाटत होतं, कुणीतरी दार बंद करून घेईल, नाही विकत म्हणेल, आणि उपाशी मरू पण आपल्या नावानं मरू असं तरी म्हणेल. तू सरळ, शांत आवाजात बोललास, बँकेतल्या माणसासारखा. तिथं शिट्ट्या सुरू झाल्या. आपल्याकडे आनंदाला टाळ्या असतात. शिट्टी असते ती ज्याला घालवून द्यायचं त्याच्यासाठी. क्रीडागृहाच्या पत्र्याखाली त्या आवाजानं कान बधिर झाले. तू कागद गोळा केलेस, एकसारखे केलेस आणि गेलास. ऑगस्टच्या जत्रेत बँडवाल्या पोरांनी तुझ्यावर गाणं रचलं. सप्टेंबरात तू आणि तुझी बायको पुरा, दोघं गाव सोडून गेलात. मला न सांगता. लोकांच्या बोलण्यावरून मला कळलं की माझा भाऊ गेला. माझा राग क्लबचा नव्हता, सातुर. निदान सगळा नव्हता. तू वेशीपलीकडे जाताना माझं दार वाटेतच होतं.

ऑक्टोबरात त्या दक्षिणेतल्या शहराचा पहिला सामना टीव्हीवर होता. बारमध्ये आम्ही सगळे बसलो होतो. आयत्या बिळावरचे नागोबा नवे कोरे निळे शर्ट घालून आले. हजारो लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आपण जिंकलेल्या जागेसाठी. मध्यांतरात बारवाल्यानं न विचारता टीव्ही बंद केला.

त्या दिवशी त्या बारमध्ये बसलेल्यांपैकी आज कोण आहे, ते विचार. अन्सेल्मो गेला. फिदेल खाटीक गेला. दोन्ही गारायोआ भाऊ एकाच हिवाळ्यात गेले. पुरा गेली, तेव्हा मी तिच्यासाठी चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना सांगितली आणि रेमेदियोसच्या हाती कार्ड पाठवलं होतं, मिळालं असेल. आमच्या ओळीत आठ जण बसायचे. आता मी एकटी बसते आणि दोन्ही बाजूंना कोट, पिशवी, छत्री ठेवते, म्हणजे कुणाला जागा रिकामी वाटत नाही.

शिट्ट्या होतील. मी तुला खोटा धीर देणार नाही. हे गाव विसरत नाही, आपल्या आजोबांनी कुणाची गाढवीण उधार घेतली होती ते अजून काढतात. पण तू शहात्तर वर्षांचा झालास. कधीतरी मधोमध उभं राहून ऐकून घे आणि संपव. मी वर बाकांवरून बघत असेन.

लेओकादिया


आल्दारेस, १० ऑक्टोबर

सातुर,

परवा, शनिवारी, संध्याकाळी सात वाजता. पत्र तुला वेळेवर मिळेल की नाही देव जाणे, म्हणून रेमेदियोसलाही सांगितलंय. तिला सांगितलं म्हणजे स्पेनभर झालं.

नेरेआला मी स्पष्ट सांगितलंय की तू आला नाहीस तर मी खाली उतरणार नाही. पंच टाकतील चेंडू. ती म्हणाली, डोन्या लेओ, तुम्ही खेचराहून हट्टी आहात. मी म्हणाले, आमच्या घरातला एक अजून पाहिला नाहीस.

तू येशील असं मला वाटत नाही. तरी आज मिरच्या भाजल्या, सोलल्या आणि तेलात घातल्या. हातांना अजून वास आहे. माडीवर स्वच्छ चादर घातली. जिना चढायला वेळ लागला. वर गेल्यावर खाटेवर बसले, आणि थोडा वेळ खाली यायचं कारणच सापडेना.

ल.


आल्दारेस, १३ ऑक्टोबर, रविवार

सातुर,

तू आलास आणि गेलास. कुणाशी बोलला नाहीस. म्हणून तू गेल्यानंतर इथं काय झालं आणि तू असताना वर काय चाललं होतं, ते मला लिहायलाच हवं. विशेषतः एक गोष्ट, कारण त्यात गैरसमज होऊन बसलाय.

तू दारातून आत आलास तेव्हा मी ओळखलं नाही. करड्या कोटातला एक वाकलेला माणूस, टोपी, काठी, शेजारी कोपराला धरून एक अनोळखी बाई, पगारी मदतनीस असावी. मला वाटलं पाहुण्या संघातल्या कुणाचा आजोबा. मग तू काठी थांबवून छताकडे बघितलंस, जिथं पत्र्याखाली पूर्वी गळतीचं पाणी धरायला भांडं लावायचो तिथं, आणि मला कळलं, हा तू.

माईकवरचं पोरगं म्हणालं, "आपले ज्येष्ठ सभासद क्रमांक एक, डॉन सातुर्निनो," आणि आडनाव चुकीचं वाचलं. तू मैदानाकडे निघालास. मी तुझी चाल पाहत होते. खांदे वर, मान आत, गारपिटीतून चाललेल्या माणसासारखा. तू वाट बघत होतास. मीही बघत होते. हात मांडीवर घट्ट धरले होते मी.

आणि टाळ्या वाजल्या.

तू ऐकल्यासच. कशा टाळ्या होत्या त्या? चांगल्या होत्या, प्रेमळ होत्या. कुठल्याही म्हाताऱ्याला वाजवतात तशा. पोरं फोन वर धरून फोटो काढत होती. माझ्या पुढच्या ओळीत एक आई आपल्या मुलीला सांगत होती, "बघ, हे आजोबा सगळ्यात जुने." खाटकाच्या पोरानं तर उभं राहून टाळ्या वाजवल्या, त्याच्या बापानं तुला दोन महिने मांस विकलं नव्हतं. मी एकेक बाक बघत गेले. वरपासून खालपर्यंत. त्या सभेतलं कुणी दिसतंय का, एक तरी चेहरा, दातओठ खाणारा. कुणी नाही. नेरेआनं विचारलं होतं, कोण करणार गोंधळ, आणि मी तिला बावळट समजले होते.

तू चेंडू उडवलास. तिरका गेला. पोरं हसली, वाईट हसली नाहीत. दोन्ही खेळाडूंनी उडी मारली, आणि पंचानं खेळ थांबवून तुझ्या पाठीवर थोपटलं आणि बाहेरचा रस्ता दाखवला. आणि तू हललाच नाहीस. मधोमध उभा राहून बाकांकडे बघत राहिलास. एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. लोकांना वाटलं म्हातारा भारावलाय, ते अजून जोरात टाळ्या वाजवायला लागले. ती बाई तुला घ्यायला आत आली. तुला काय हवं होतं, ते त्या सगळ्या क्रीडागृहात एका माणसाला कळत होतं.

त्या जुलैच्या सभेत मी शिट्टी वाजवली नव्हती. भाऊ म्हणून नव्हे. रागानं तोंड कोरडं पडलं होतं, फुंकर निघेना. काल तोंड कोरडं नव्हतं, पण खालची कवळी मध्ये येत होती. ती काढून रुमालात ठेवली. दोन बोटं तोंडात घातली आणि वाजवली. मलाच खरं वाटलं नाही इतकी मोठी निघाली.

पुढची बाई गर्रकन वळली. "अहो आजी, असं काय करता? बिचारे किती म्हातारे आहेत."

"माझा भाऊ आहे तो," मी कवळीशिवाय म्हणाले, आणि पुन्हा वाजवली.

तू मान वर केलीस. डोळ्यांवर हात धरून शोधलंस. मला दिसलास का म्हणून विचारशील तर दिसलास, चांगला दिसलास. तुझे खांदे खाली आले. तू टोपी काढलीस, माझ्या बाजूला बघून थोडा वाकलास, आणि हसलास. एकवीस वर्षांत या गावात तुला पहिल्यांदाच कुणीतरी ओळखलं होतं.

मी निघाले, पण या कंबरेनं त्या पायऱ्या. लोकांचे गुडघे ओलांडत, माफ करा माफ करा म्हणत खाली पोचले तेव्हा सामना चालू होता आणि तू दारात नव्हतास. बाहेर गेले. गाडी लावायच्या जागेत मिरच्यांचा वास आणि अंधार. आत आले तर नेरेआ रडवेली होऊन उभी.

"लांबचा रस्ता आहे म्हणून गेले ते," ती म्हणाली. "थकले होते. डोन्या लेओ, मला इतकी लाज वाटली. कुणीतरी शिट्टी वाजवली हो. गाडीत बसताना त्यांनी विचारलंसुद्धा, कोण होतं ते. मी क्लबतर्फे त्यांची माफी मागितली. असं पुन्हा होणार नाही, असं मी त्यांना म्हणाले."

मी तिला काही सांगितलं नाही. तिला समजलं नसतं. उरलेला सामना मी पाहिला नाही. घरी आले, मिरच्यांची बरणी उघडली आणि उभ्या-उभ्याच भाकरीच्या तुकड्यासोबत खाल्ल्या.

तर तिची ती माफी स्वीकारू नकोस, सातुर. क्लबला त्यातलं काही ठाऊक नाही. शिट्टी माझी होती. राग अजून आहे, आणि तो धरून बसणारी या गावात आता मी एकटीच उरलेय. रोज थोडा थोडा कमी होतो तो, वयच तसं आहे.

मी गेले की इथं सगळे तुला टाळ्याच वाजवतील. त्याआधी ये.

लेओ